लिरिकचा कोपरा

आयोवातल्या ऑस्टरव्हिलमध्ये पत्ता विचारायची सोय नाही. जे उभं आहे त्याची खूण कुणी सांगत नाही. जे पडलं, जळलं किंवा विकलं गेलं, त्यावरून सांगतात. जुन्या डेअरीपाशी डावीकडे वळा म्हणतात, आणि डेअरी पाडून वीस वर्षं झालेली असतात. हार्लन व्हॉस्लर चाळीस वर्षं ज्या घरात राहिला ते घर गावाच्या लेखी अजून पीटरसनचंच. आपण मेल्यावरच ते व्हॉस्लरचं होणार, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

चौतीस वर्षं त्याने शाळेची पिवळी बस चालवली. निम्मं गाव त्याच्या बसमधूनच शाळेत गेलेलं. आता शेरीफ झालेल्या बाप्याला तो मागच्या बाकावर ओकणारा म्हणूनच ओळखे. बायको गेली आणि सोबतीला उरली एक निळी पिकअप. सकाळी धान्याच्या कोठारापर्यंत जायचं, नदीकडून वळायचं आणि ट्रूडीच्या हॉटेलात कॉफी प्यायची. आयोवात म्हाताऱ्याची गाडी काढून घेणं म्हणजे त्याचे पायच काढून घेणं.

म्हणून लेक जोलीन डेन्व्हरहून आली आणि त्याची स्मरणशक्ती तपासायला डॉक्टरकडे घेऊन गेली, तेव्हाच हे गाडीवर येणार हे त्याने ओळखलं. डॉक्टर नवा, बाहेरगावचा. कोर्टासमोरच्या कोपऱ्यावर काय आहे, त्याने विचारलं. हार्लन म्हणाला, लिरिक थिएटर. प्रत्यक्षात तिथे आता बँकेच्या गाड्या लागतात. डॉक्टरने काहीतरी लिहिलं आणि लायसन्स परत करण्याची गोष्ट काढली.

हार्लन गोंधळून गेला. सगळं गाव जे म्हणतं तेच आपण म्हणालो, मग चुकलं कुठे? आणि चुकलं नसेल तर पोरीने मान खाली का घातली? पण पोरगी तीस वर्षं बाहेर राहून गाव विसरली असणार. त्याने तिला सरळ ट्रूडीच्या हॉटेलात नेलं. तिथे रोजचे कॉफीवाले पंचांसारखे बसलेलेच होते. त्याने डॉक्टरचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे टाकला.

"लिरिकचा कोपरा. दुसरं काय असणार तिथे?" त्यांच्यातला लेरॉय खाता खाता म्हणाला.

ट्रूडी कॉफी ओतत म्हणाली, "त्या डॉक्टरला म्हणावं, आधी दहा वर्षं इथे काढ, मग आमच्या परीक्षा घे."

जोलीनलाही हसू आलं. डॉक्टरशी आपण बोलू, लायसन्स राहू दे, असं तिने सगळ्यांसमोर कबूल केलं. म्हातारा जिंकला होता.

लेरॉयला आता चेव चढला. "अगं, थिएटर पेटलं तेव्हा पाण्याचा पाइप कुणी धरला होता? तुझ्या बापाने. भुवया जाळून घेतल्या बेट्याने. महिनाभर सोललेल्या अंड्यासारखा फिरत होता."

सगळे खो-खो हसले. हार्लनही हसला, जरा उशिराने.

बाहेर आल्यावर तो कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पिकअपला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

"तू चालव, पोरी."

"अहो बाबा, आत्ताच तर ठरलं ना? तुमचं बरोबरच होतं."

"त्यांचं बरोबर होतं," हार्लन म्हणाला. "ते थिएटर जळलं, हे मला आत्ता कळलं."