आईची उघडी कडी

माझी आई धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाणारी बाई. बदलापूरच्या आसपासच्या आमच्या गावांत लग्न ठरलं की आधी आईला विचारायचे, मग हॉल बघायला जायचे. ती एक ओळ एकटीने उचलायची आणि मागे बसलेल्या बायका ती झेलायच्या. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. तो रुंद होता. मांडवाच्या एका टोकाला ती गायला लागली की दुसऱ्या टोकाला पंक्तीत बसलेल्या पुरुषांच्या गप्पा आपोआप बंद व्हायच्या.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, आई वाचली, आवाज मात्र गेला. उरली ती कुजबुज, तीही शेजारी बसलं तरच ऐकू येणारी. नेमकं त्याच सुमाराला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आईची ही पहिली नात. ती पाळण्यात होती तेव्हापासून आई म्हणायची, हिच्या हळदीला असा धवला म्हणीन की लोक नाव काढतील.

भाऊ अंबरनाथला राहतो. तो म्हणाला, "आई, तू कशाला त्रास घेतेस? डीजे सांगून टाकू. आता सगळे तेच करतात." त्याच्या मनात वाईट नव्हतं. आईने मान डोलावली, चहाचे कप उचलले आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. मला बघून कुजबुजली, "माजा आवाज गेला तं गेला. धवला पन जाल काय गो?"

मी गाणारी नाही. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर मजकूर लावते. कुठलं अक्षर ठळक, कुठलं तिरपं, गणपती किती वर, आग्रहाचं निमंत्रण किती खाली, यात माझी हयात गेली. आमचे सिंधी शेठ पाठीमागून ओरडत असतात, "दीदी, मामा का नाम मोटा करो, नहीं तो शादी में नहीं आएगा!" आणि मामाचं नाव मी ठळक करते.

आमच्या बोलीतल्या शब्दांवर आणि गाण्यांवर गप्पा मारण्यासाठी कुणीतरी हौशीने चालवलेला एक चर्चामंच आहे. जुन्या वळणाची साइट, दिसायला अगदी साधी. पण तिथे लिहिलेलं जागेवर राहतं. मोबाइलवरच्या ग्रुपसारखं सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जात नाही. माझ्या मनात आलं, आईने तिथे धवले लिहावेत. पूर्वी तिच्यामागे बसणाऱ्या बायका आता विखुरल्यात, कुणी उल्हासनगरला सुनेकडे, कुणी अंबरनाथला फ्लॅटमध्ये. त्या वाचतील, चुकलं तर सांगतील, लग्नापर्यंत पाठ करतील. आई सातवी शिकलेली. फोनवर मराठी टाइप करायला ती माझ्याहून पटाईत आहे, कारण भावकीतल्या भांडणांना लेखी उत्तरं द्यायची तिला जुनी सवय.

पहिला धवला तिने एका दुपारी लिहिला आणि मला फोन दाखवला. तोंड पाडून बसली होती. "यान कोन कवा म्हनायचा तां कसा कललं?"

बरोबर होतं. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या. कोणती तिने एकटीने म्हणायची, कोणती सगळ्यांनी झेलायची, काही पत्ता लागत नव्हता. मग मी तिला त्या मंचावरच्या खुणा शिकवल्या. चौकटी कंस टाकायचा, त्यात इंग्रजी बी लिहायचं, कंस बंद करायचा. तिथून पुढचं अक्षर ठळक होतं. थांबवायचं तिथे तोच कंस पुन्हा, फक्त बीच्या आधी एक तिरकी रेघ. बीच्या जागी आय लिहिलं की अक्षर तिरपं. "तुझ्या एकटीच्या ओळी ठळक कर," मी म्हटलं, "बायकांच्या तिरप्या."

आईला ही युक्ती अशी आवडली की दुसऱ्या दिवशी दुकानातून मंच उघडला तर अख्खा धवला खुणांनी भरलेला. फक्त एकही खूण चालली नव्हती. तिने कीबोर्ड बदललाच नव्हता. मी बी म्हटलं, तिने [बी] लिहिलं. मी आय म्हटलं, तिने [आय] लिहिलं. खाली उत्तरं सुरू झाली होती. एकीने विचारलं होतं, "मावशी, बी कशाची? दुधीची का कारल्याची?" दुसरीने लिहिलं होतं, "बी पेरली ना गो, मंगच तं आय दिसली." मी दुकानात एवढी हसले की शेठ उठून माझा स्क्रीन बघायला आले.

घरी जाऊन मी आईला समजावलं. ही अक्षरं इंग्रजीच लागतात, कीबोर्ड बदल. ती ऐकून घेई आणि पुन्हा [बी] लिही. वर मलाच सुनावी, "मराठी गान्याला इंग्रजी कशाला व्हवी?" मी चिडले. माझा स्वभाव तसा तिखट, आणि आईचा माझ्याहून. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. तिच्या बाबतीत कामापुरतंही ऐकू येत नव्हतं ते वेगळं.

मग एक दिवस मंचावर सगळ्यांत वर एक सूचना दिसली. चालकाने लिहिलं होतं, "आजपासून इथे बी आणि आय मराठीत लिहिलं तरी चालेल. मावशींचे धवले आता नीट दिसतील." हा चालक की चालिका कोण, मला आजही माहीत नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या हट्टासाठी त्या माणसाने अख्ख्या साइटला मराठी शिकवलं. मी दुकानातल्या दुकानात डोळे पुसले.

पुढचा घोटाळा खुणा बंद करण्याचा. आई बी उघडायची आणि विसरायची, मग खालचं सगळं ठळक. एकदा तर तिच्या खाली ज्यांनी ज्यांनी उत्तरं लिहिली ती पण ठळक झाली, सगळं पान ओरडत असल्यासारखं. मी तिला म्हटलं, "आई, दार उघडलंस की कडी लावतेस ना? तसंच हे." हे तिला चटकन पटलं, कारण कडी हा आमच्या घरातला रोजचा विषय. तिच्या तोंडी ड चा र होतो, त्यामुळे झोपण्याआधी, बाहेर निघण्याआधी, बाजारात अर्ध्या रस्त्यात थांबूनसुद्धा आम्ही लहानपणापासून एकच ऐकलंय, "करी लावलीस का?" आता ती स्वतःचं लिहिलेलं बोटाने तपासताना तेच पुटपुटायची. बीची करी लावली. आयची करी लावली. पुढच्या कितीतरी धवल्यांत तिची एकही खूण उघडी राहिली नाही. मंचावर इतरांच्या चुका काढायला लागली इतकी ती तयार झाली.

हळदीला म्हणायचा धवला तिने सगळ्यांत शेवटी लिहिला. ठरलं असं की आईच्या जागी मी बसायचं. तिच्या एकटीच्या ओळी मी म्हणायच्या, मागे बायका झेलतील. मी नको नको म्हटलं, पण भाची म्हणाली, "आत्या, तूच बस, आजीच्या शेजारी." तिला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी रिक्षातून जाता-येता पुटपुटत पाठ केलं.

बायकांना वाटायला मी तो धवला दुकानात छापायला घेतला. पानावर लावताना लक्षात आलं, शेवटचं कडवं तिरपं आलंय. ते तर नेहमी धवलारीण एकटी म्हणते. त्यात आजी नातीला हळद लावते आणि तिला सांगते की सासरी गेलीस तरी आमच्या दारातली वाट विसरू नको. लग्नात ते कडवं आलं की बायका गप्प होऊन फक्त ऐकायच्या. मी मंचावर वरच्या ओळी तपासल्या. त्याच्या आधीच्या ओळीतली आय उघडी होती. कडी लावायची राहिली होती.

आईशी फोनवर बोलता येत नाही, म्हणून मी मंचावरच तिच्या धवल्याखाली लिहिलं, "शेवटची आय बंद करायची राहिलीय. लावू का कडी?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "नको."

एवढंच. मला वाईट वाटलं. मी समजले की तिचा माझ्या गळ्यावर विश्वास नाही. बाकीच्या ओळी ठीक, पण ते कडवं हिच्या हाती दिलं तर ही वाट लावेल, त्यापेक्षा सगळ्यांनीच म्हणावं, म्हणजे माझा आवाज बुडून जाईल. तिचं चुकत नव्हतं, पण आईने असं चारचौघांत एका शब्दात सांगावं हे मला लागलं. मी जसं होतं तसं छापलं.

हळदीच्या संध्याकाळी अंबरनाथला बिल्डिंगच्या आवारात मांडव घातला होता. डीजेवाला आला होता. भावाने त्याला आमचं होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं आणि स्वतः स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसला, न जाणो त्याने मध्येच बटण दाबलं तर. पाटावर भाची. तिच्यासमोर मी, माझ्या शेजारी आई, मागे बायका कागद घेऊन. काही जणी आईच्या वयाच्या, काही भाचीच्या मैत्रिणी, चष्मे सावरत, तिरप्या ओळींवर बोट ठेवून.

मी पहिली ओळ उचलली. माझा आवाज कापत होता आणि पट्टी भलतीच वर लागली होती. पण बायकांनी झेलली. दुसरी ओळ बरी गेली. तिसरीला तर मागून कुणीतरी "वा गो" म्हणालं. आई माझ्या मांडीवर हाताने ठेका देत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते मला दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

शेवटचं कडवं आलं. कागदावर तिरपं होतं, तशी मी थांबले आणि सगळ्या जणींनी मिळून सुरुवात केली. आई उठली. वाटीतली हळद बोटांवर घेऊन नातीच्या गालाला लावू लागली. आणि मी बघते तर तिचं तोंड उघडलं होतं. ती गात होती. मान किंचित वर, डोळे अर्धे मिटलेले, मी लहानपणापासून बघत आले तशीच. शब्द न शब्द तिच्या ओठांवर होता आणि मांडवभर तेच शब्द बायकांच्या गळ्यातून येत होते. त्या आवाजात आईचा आवाज नाही हे कुणालाच कळलं नसतं. भाची तिच्याकडे बघत रडत होती. तिला वाटलं असेल आजीच गातेय.

नंतर बायका एकमेकींना हळद फासत होत्या आणि डीजेवाला तारा जोडत होता, तेव्हा मी आईजवळ जाऊन बसले. तिच्या कानाशी म्हटलं, "मला वाटलं, माझ्या आवाजाची भीती वाटून तू ती कडी लावली नाहीस."

तिने माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. मग हळदीच्या हाताने माझी मान जवळ ओढून घेतली.

"तुज्या आवाजाला कशाला भिऊ गो?" ती कुजबुजली. "ती आय मीच उघरी ठेवली. एकलीचा असता तं मी कशी म्हनली असती?"