कुंपणावरून घेतलेला आवाज

मी गणपती रंगवणारा माणूस. कसालजवळ आमची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आणि तिथे डोळे आखायचं काम माझ्याकडे. त्यामुळे मी वीतभर लांबीचं डिझेल इंजिन पार्सलने मागवलं तेव्हा यंदा बाप्पाला उंदराऐवजी इंजिन मिळणार, अशी आवई उठली. खेळणं म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मॉडेल म्हणा.

खरं कारण दादा होता. माझा मोठा भाऊ डिझेल इंजिनावर ड्रायव्हर. आमच्या खळ्यापुढे, म्हणजे अंगणापुढे, काजूची झाडं, मग कुंपण, आणि त्यापलीकडे रेल्वे. तो निवृत्त झाला आणि रुळांवर विजेच्या तारा आल्या, दोन्ही एकाच सुमाराला. तेव्हापासून खळ्यातली आपली खुर्ची त्याने उलटी फिरवली. पाठ रुळांकडे, तोंड भिंतीकडे. गाडी गेली तरी मान वळायची नाही.

"भावोजी, ह्ये दिसभर भिंतीकडे बगान बसतत," वहिनी मला म्हणाली. "कायतरी करा. भिंतीकय लाज येवक लागली."

मला ती खुर्ची परत फिरवायची होती, बस्स. समजावून सांगणं हा काही माझा पिंड नाही, आणि दादाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून इंजिन.

ते आलं तेव्हा मुकं होतं आणि केबिन रिकामी. मी टाचण्यांचे ब्रेकचे दांडे केले, पत्र्याच्या तुकड्यावर घड्याळासारखे मीटर रंगवले. डोळ्याची बाहुली रंगवायचा ब्रश तिथे बरोबर लागू पडला. दादाने मला कधी इंजिनात चढू दिलं नव्हतं, त्याचे नियम फार कडक. तेव्हा जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, ब्रेक कुठल्या बाजूला असतो?

"हात पोचता थंय," तो म्हणायचा आणि पुढे भात कालवायचा.

आवाजाचं काम त्याहून किचकट निघालं. अंगठ्याच्या नखाएवढा स्पीकर आत बसवला तर डास गुणगुणल्यासारखा वाजला. त्याला बंद डबी लागते हे कळल्यावर मी सवयीने शाडूची केली. शाडू सुकला, भेग पडली, आणि भोंग्याला चक्क सर्दी झाली. शेवटी प्लॅस्टिकच्या तुकड्यांची डबी चिकटवली तेव्हा कुठे आवाजात छाती आली.

आणि आवाज तरी कुठला? तयार मिळतो, पण परदेशी इंजिनांचा जास्त. आमच्या मार्गावर एखाददुसरी मालगाडी अजून डिझेलवर येते. तिची वाट बघत मी फोन घेऊन कुंपणाशी उभा राहायचो. पहिल्या वेळी ऐन भोंग्यावर रस्त्याने जाणारे एक काका ओरडले, "काय रे, रेल्वेत लागलंस काय?" ते काही केल्या पुसता येईना. पुढच्या खेपेला मात्र सगळं स्वच्छ मिळालं: चढावर ओढ घेणारी धडधड, लांब भोंगा, आणि वळणापलीकडे विरत जाणारा आवाज.

सगळ्यात शेवटी ड्रायव्हर बसवला, बोटाच्या पेराहून लहान. त्याचे डोळे आखले आणि भिंग लावून बघतो तर काय, अर्धोन्मीलित, प्रसन्न, थेट आमच्या शाळेतले. हाताचं वळण जाता जात नाही. पुसायचा धीर मला झाला नाही. आखलेले डोळे आम्ही पुसत नाही.

एका दुपारी जेवणाआधी पडवीतल्या टेबलावर रूळ मांडले आणि दादाला बोलावलं. सुरुवात करायची तर देवाला गाऱ्हाणं घालायला हवंच. मी हात जोडून म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या इंजिन रुळावरसून पडा नये रे म्हाराजा." आतून वहिनीने "व्हय म्हाराजा" केलं.

दादाने आधी वाकून केबिनमध्ये पाहिलं. "ह्यो डायवर सिग्नल बगता की भक्तांका आशीर्वाद देता?" तो म्हणाला. मला बरं वाटलं. थट्टा करतोय म्हणजे आशा आहे.

मग मी आवाज सुरू केला. इंजिन धडधडत निघालं, भोंगा वाजला, टेबलाचं वळण आलं तसा आवाज बारीक होत संपला. दादा हाताची घडी घालून ऐकत होता.

"ह्यो माझ्या इंजिनाचो आवाज न्हय," तो म्हणाला. "आत बसल्यार खिडकीच्यो काचो खडखडतत, पायाखाली जमीन थरथरता. बाजूच्याचा बोलणा आयकाक येणा नाय. ह्यो खयचो आवाज?"

मला असा राग आला की इंजिन उचलून शाडूच्या पिंपात टाकावं. एवढा खटाटोप केला आणि निकाल हा.

वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली होती. "ह्योच," ती म्हणाली. "चडणीक अशीच धडधडा, मगे भोंगो, मगे बारीक बारीक होत जाय. हंय खळ्यात उबी रवान आयकलेलो आसा मी. तुमची गाडी पुरी जायसर."

"रोज?"

"गाडी आसली काय रोज. मगे भितुर जावन भात लावी."

दादाने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "माका ह्यो कसो आयकाक गावतलो? मी आत होतंय."

त्याने खळ्यात जाऊन खुर्ची रुळांकडे फिरवली, पण बसला नाही. वहिनीच्या शेजारी उभा राहिला. "परत लाव रे," मला म्हणाला. "शेवटचा घाईत सोडू नको."

मी परत लावलं. चढण, भोंगा, वळण. दोघंही काजूच्या झाडांपलीकडे बघत उभी होती, आणि टेबलाशी माझे दोन्ही हात बटणांवर होते, डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता. आवाज पार विरला.

"गेली," वहिनी म्हणाली, सवयीने. "आता भात लावतंय."

"आणि मी?" दादाने विचारलं.

"तुमी खंय जातास? तुमी हंयच आसास."