घोट्यांवरचे हात

आधीच सांगते, मी या लाइनमधली नाही. आमच्या लालबागच्या चाळीत कुणाचं पोर जरा किरकिरलं की मीठ-मोहरी घेऊन धावणाऱ्या बायकांची मी लहानपणापासून टर उडवत आलेय. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत 'काहीतरी आहे' म्हणून बाकीची पोरं तिथून पळत जायची, आणि मी त्याच खोलीच्या उंबऱ्यावर बसून दहावीचा अभ्यास केला, कारण तिथे कुणी कटकट करायला येत नसे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण गेले काही महिने इथले अनुभव वाचतेय आणि वाटतंय की सांगून टाकावं... कुणाला काही सुचलं तर बघू. यात भूतबीत नाही. कुणी मेलेलंही नाही. जिच्याबद्दल लिहितेय ती बाई परवाच मला फोनवर ओरडली की जेवणाच्या वेळा पाळ.

मी फौजेत हेलिकॉप्टर पायलटचं ट्रेनिंग घेतेय. तळ दक्षिणेकडचा, एवढंच सांगते, बाकी विचारू नका, सांगता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हेलिकॉप्टर शिकताना सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे होव्हर. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, हवेत, एका जागी नुसतं उभं राहायचं. डाव्या हातात पॉवरचा दांडा, उजव्या हातात दिशेची स्टिक आणि पायाखाली दोन पेडल, ज्यांनी नाक डावी-उजवीकडे वळतं. गंमत अशी की यातलं एक हलवलं की बाकीची दोन बिघडतात. ती सावरायला जावं तर पहिलं बिघडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त तरंगतंय. आत बसलेला घामाने निथळत असतो.

माझे हात बरे होते. पाय दगाबाज. हवेत उठलं की माझे पाय काठीसारखे ताठ व्हायचे, मग मी एका पेडलवर जोर द्यायचे, नाक भसकन फिरायचं, घाबरून दुसऱ्यावर द्यायचे, ते उलटं फिरायचं. आमचे इन्स्ट्रक्टर बिश्त सर, पहाडी माणूस, फार बोलत नाहीत. ते नुसतं म्हणायचे, "बेटा, पैर से नाच मत." मी म्हणायचे येस सर, आणि पुन्हा नाचायचे.

माझ्या बरोबरीचे सगळे एकेक करून पुढे गेले. मी दोन चेकमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षांत, नापास झाले. तिसरा आणि शेवटचा चेक चीफ इन्स्ट्रक्टर स्वतः घेणार होते. त्यात पास, तर कोर्समध्ये राहणार. नाही, तर फ्लाइंग बंद, जमिनीवरची नोकरी. तो निकाल फिरत नाही.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? माझं सिलेक्शन झालं तेव्हा चाळीच्या गेटवर पोरांनी फ्लेक्स लावला होता. 'आमच्या चाळीची गगनभरारी' वगैरे. माझा फोटो मध्ये, आणि आजूबाजूला अख्ख्या मंडळाची कार्यकारिणी, गॉगल लावून. मी कितीदा आईला म्हटलं, तो उतरवायला सांग. आई म्हणाली, अगं पावसात रंगसुद्धा गेला नाही, राहू दे. बाबा रोज प्रेसवर जाताना त्याच्याखाली एक सेकंद थांबतात, हे मला आईनेच सांगितलं होतं. मग मी फोनवर 'छान चाललंय' एवढंच म्हणायचे आणि हवामानाबद्दल बोलायचे.

आता नंदामावशी. ती माझी सख्खी मावशी नाही, आमच्या दोन खोल्या सोडून राहते. एका पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसते. आमच्या चाळीतल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायका-मुलींचं दहीहंडीचं पथक आहे, त्याची ती सर्वेसर्वा. मी लहान होते तेव्हा वयाचे नियम आतासारखे कडक नव्हते. मी वाळकी काटकी, म्हणून सगळ्यात वरच्या थराला मी. आणि माझ्या खाली, जिच्या खांद्यावर मी उभी राहायचे, ती नंदामावशी.

ज्यांनी थर फक्त टीव्हीवर पाहिलेत त्यांना एक गोष्ट दिसत नाही. खालची बाई वरच्या मुलीचे दोन्ही घोटे धरते. घट्ट नाही, बोटं मागून आणि अंगठा आतल्या हाडावर. वर उभं असताना खालचं काही बघता येत नाही, आवाजही कळत नाही, ढोल आणि माणसं एवढी असतात. मग सगळं बोलणं त्या हातांतूनच. नंदामावशीने अंगठा एकदा दाबला की अर्थ एवढाच : मी आहे, हलू नकोस. मी चार-पाच वर्षं तिच्या खांद्यावर उभी राहिले. एकदाही पडले नाही. पुढे माझी उंची वाढली, वजन वाढलं, आणि मी खालच्या थरात गेले.

चेकचा दिवस रविवार होता. एरवी रविवारी फ्लाइंग नसतं, पण पावसाने बऱ्याच सॉर्टी, म्हणजे सरावाच्या फेऱ्या, बुडाल्या होत्या, त्या भरून काढायच्या होत्या. सकाळी आकाश भरलेलं, पण वारा पडलेला. चीफ माझ्या शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पाय पेडलपासून मागे घेतले, मुद्दाम मला दिसतील असे. म्हणजे आता जे होईल ते तुझं.

मी उचललं. आणि व्हायचं तेच झालं. गवतावर रंगवलेल्या चौकोनावर मी कशीबशी आले, आणि पाय ताठले. नाक डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मला चीफचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांचे हात मांडीवरून किंचित उचललेले दिसले. ते कंट्रोल घेणार होते. मला आठवतंय, त्या क्षणी मला राग नाही आला, रडू नाही आलं... फक्त बाबा त्या फ्लेक्सखाली थांबलेले दिसले.

आणि माझे घोटे कुणीतरी धरले.

मी शब्द जपून वापरतेय. 'धरल्यासारखं वाटलं' असं नाही. धरले. बोटं मागून, अंगठा आतल्या हाडावर. आमचे फ्लाइंग बूट घोट्याच्या वरपर्यंत जाड चामड्याचे असतात, बाहेरून कुणी चिमटा काढला तरी आत कळत नाही. पण मला हाताची ऊब कळली. मग डावा अंगठा दाबला गेला. एकदाच.

माझे पाय सैल पडले. मी काही केलं नाही हो, खरंच, ते आपोआप सैल पडले, आणि नाक थांबलं. हेलिकॉप्टर त्या चौकोनावर असं उभं राहिलं की मला वाटलं चाकं टेकली की काय. चीफचे हात परत मांडीवर गेले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अब जगह पे पूरा घूम के दिखाओ." मी अख्खी गिरकी घेतली, हळू, उंची न सोडता. ते हात तिथेच होते. गिरकी पुरी झाली, नाक समोरच्या झाडांवर आलं, आणि हात सुटले. खाली मी माझं मीच उतरवलं.

पंखा थांबल्यावर चीफ उतरले, हेल्मेट काढलं आणि मला म्हणाले, "आज तेरे पैर किसने बाँध दिए?" मी नुसतं 'येस सर' म्हटलं. ते हसले आणि पुढे गेले. मी पास झाले होते. खोलीत येऊन मी दार लावलं, बूट-मोजे काढले, घोटे निरखून पाहिले. काही नव्हतं. मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ तेवढे.

दुपारपर्यंत मी मनाची समजूत घातलेली होती. टेन्शन, रात्रीची अपुरी झोप, शरीराला जुनी सवय आठवली. मेंदू काहीही करतो. मला हे पटलं होतं आणि मी खुशीत संध्याकाळी घरी फोन लावला. पास झाले म्हणून सांगितलं, आणि मगच सांगितलं की आधी दोनदा नापास झाले होते. आई आधी रडली, मग शिव्या घातल्या, मग बाबांना फोन दिला. बाबा म्हणाले, "जेवलीस का?" एवढंच. आणि तेवढ्यात मागून नंदामावशीचा आवाज, "माझ्याकडे द्या, माझ्याकडे द्या."

तिने फोन घेतला आणि गॅलरीत गेली, ते मला आवाजावरून कळलं. नेहमीसारखी 'काय गो बाय' म्हणाली नाही. हळू आवाजात विचारलं, "तुझे पाय थरथरत होते का गं आज सकाळी?"

मी म्हटलं, "का?"

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितेय. त्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात पथकाचा सराव होता. एकीकडे बारसं होतं, त्यामुळे बायका कमी आलेल्या. म्हणून तीनच थर लावले आणि मधल्या थराला मावशी स्वतः चढली. तिच्या खांद्यावर विधी, आमच्या मजल्यावरची, यंदा पहिल्यांदाच वर जाणारी मुलगी.

"ती उभी राहिली, मी नेहमीसारखे तिचे घोटे धरले," मावशी म्हणाली. "पोरगी अनवाणी होती गं. माझ्या हाताला बूट लागले. चामडं. नाडी लागली, आणि नाडीची टोकं आत खोचलेली. आणि थरथर केवढी, माझे दात वाजायला लागले. मी म्हटलं, घाबरली वाटतं. म्हणून अंगठा दाबला."

नाडी पेडलमध्ये अडकू नये म्हणून टोकं आत खोचायची, हा आमचा इथला नियम आहे. घरी मी बूट कधी नेलेले नाहीत. त्या चेकबद्दल तर लालबागमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. वेळ विचारली, तीसुद्धा साधारण तीच.

"पुढे ऐक," मावशी म्हणाली. "खाली उतरल्यावर विधी मला म्हणते, मावशी, आज मला धरलं का नाहीस? मी एकटीच उभी होते."

मी खूप विचार केलाय. योगायोग म्हणावं तर खोचलेल्या नाड्यांचं काय करायचं? मावशीला माझी काळजी होती म्हणावं, तर कसली काळजी, हे तिला ठाऊकच नव्हतं. माझ्या एका कोर्समेटला सांगितलं, तो म्हणाला, तू आधी कधीतरी फोनवर बोलली असशील बुटांबद्दल. नसेन बोलले असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण विधीचं काय? तिच्या घोट्यांवर कुणाचा हात नव्हता, हे तिला कोण शिकवायला गेलं होतं?

पुढे सुट्टी मिळाली तेव्हा मी घरी गेले. बूट मुद्दाम बरोबर घेतले. दुपारी नंदामावशीच्या खोलीत ते घालून स्टुलावर उभी राहिले. तिने डोळे मिटले आणि हात लावला. "हेच," म्हणाली, हात लगेच काढून घेतला आणि पदराला पुसला. मग पलंगावर बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, आनंदाने रडतेय. मी तिच्या शेजारी बसून तिला कुशीत घेतलं आणि म्हटलं, मावशे, तुझ्यामुळे मी आज पायलट होतेय. तुझे हात नसते तर मी घरी बसले असते.

ती म्हणाली, "आणि ती पोर पडली असती तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी फक्त माझ्या घोट्यांचा विचार करत होते. तिथे मैदानात एक चौदा वर्षांची मुलगी दोन बायकांच्या उंचीवर उभी होती, मावशीच्या भरवशावर, आणि तिला कुणीच धरलं नव्हतं.

"मी यंदा चढत नाही," मावशी म्हणाली. "माझेच हात माझ्या ताब्यात नाहीत म्हटल्यावर दुसऱ्याची लेक कशी घेऊ खांद्यावर? विधीच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?" पथक सोडायचं बोलत होती ती. नंदामावशी, जिने लग्नाच्या वाढदिवसालाही सराव चुकवला नाही.

मी म्हटलं, पण मी तुला बोलावलं नव्हतं. मी हाकसुद्धा मारली नव्हती.

"मारलीस," ती म्हणाली. "तुला कळलं नसेल." मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला वाईट नाही वाटत हां. तू परत मारलीस तर मी परत येणारच, मला नाही थांबता येणार. म्हणून तर भीती वाटते."

शेवटी मीच तिला वचन दिलं आणि तिच्याकडून घेतलं. ती पथक सोडणार नाही. मी हाक मारणार नाही.

याला आता बरेच महिने झाले. यंदा तिच्या खांद्यावरून विधीने सलामी दिली, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. माझ्या घोट्यांना पुन्हा कधी काही जाणवलं नाही. एकटीने उडवायचं सोलो झालं, पुढचे टप्पेही झाले. वाऱ्याचे दिवस वाईट असतात, पाय अजून कधीतरी ताठतात. हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. बिश्त सरांना मी कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

फक्त एक करते. पंखा पूर्ण वेगात आला की, दांडा उचलण्याआधी, माईक बंद आहे ना हे बघून घेते आणि हळूच म्हणते, "मावशी, विधीला धर. माझं मी बघते."