भीमाबाईचा कोरा चहा

"औषध तिच्या पोटात गेलेलंच नाही, भीमाबाई."

"माज्या डोल्यांदेखत गेलाय. रोज सकाली. मी काय खोटी बोलतंय?"

"मग महिन्यापूर्वी पापण्या आतून पांढऱ्या होत्या, त्या आजही पांढऱ्याच कशा?"

"ता तू सांग. बाटली तुजी हाय."

कमळाकर कंपाउंडर पनवेलच्या त्या दवाखान्यात बारा वर्षं औषधं कालवत होता. भीमाबाई कुणालाच अहोजाहो करत नाही, हे त्याला पाठ होतं. बाकावर तिची सून मैना बसली होती. सातवा महिना, पायांवर सूज, चेहरा कागदासारखा. डॉक्टरांनी आतून सांगितलं होतं, पुढच्या महिन्यापर्यंत अंगातलं रक्त वाढलं नाही तर घरी बाळंत करायचं नाही, मुंबईला न्यायचं.

भीमाबाईला मुंबईची भीती नव्हती. भीती होती ती भामाची. भामा तिची थोरली लेक. तीन वर्षांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात गेली. सुईण म्हणाली होती, पोरीच्या अंगात रगतच नव्हतं, थोडं गेलं आणि संपलं. म्हणून सुनेच्या बाबतीत भीमाबाईने एकही दिवस चुकवला नव्हता. चमचा स्वतःच्या हाताने भरायची.

"कशाबरोबर देता?" कमळाकरने विचारलं.

"चाच्या संगं. उपाशी पोटी देऊ नको, तूच बोललास."

"चहा म्हणजे पोटाला आधार?"

"आमच्यात हाय."

आणि ते खरं होतं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन भीमाबाई खाडीकाठच्या मिठागरावर आली, तेव्हा सकाळी पेज असायची. मग दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीतरी चहा खपवणारी गाडी गावात आली. फुकट पाजायची. गाडीवाल्याने बायकांना पत्ती उकळायला शिकवलं आणि सगळ्यांत आधी शिकली ती भीमाबाई. पेजेला तासभर चूल अडायची, चहाला दहा मिनिटं. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांधावरून पळणाऱ्या बायकांना ते बरं पडलं. तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, पहाटे किटली घेऊन येणार ती भीमाबाईच. गुळाचा, काळाकुट्ट, जिभेला चिकटणारा. पोटुशीला पहिला पेला, असा तिनेच पाडलेला रिवाज. तिच्या चहावाचून पाटी उचलत नाही, असं बायका म्हणायच्या. भीमाबाईला आयुष्यात कुणी दुसरी कसली शाबासकी दिली नव्हती.

कमळाकरने टेबलावरचा आपला कोरा चहा पुढे ओढला. बाटलीतलं तांबूस, लोखंडाचं औषध त्यात चमचाभर ओतलं. चहा शाईसारखा काळा झाला.

"बघा. चहात तुरटपणा असतो. तो लोखंडाला धरून बसतो. सुटं लोखंड आतडं शोषून घेतं, त्याचं रक्त होतं. असं धरलेलं आतड्याला घेता येत नाही. जसं गेलं तसं बाहेर."

"चा तं घटकाभरात मुतून जातंय."

"पाणी जातं. तरतरी आणणारा अंश रक्तात शिरतो, यकृत त्याला दिवसभरात मोडून टाकतं. तुरटपणा मात्र बराचसा पोटातच राहतो."

"आनि भाजी-मासल्यातला लोखंड?"

"तेही अडत असणार, थोडंफार. चहा एकटाच गुन्हेगार नाही म्हणा. जंत असतात, बाळंतपणं असतात. पण औषध लिंबाच्या पाण्यातून द्या, आणि त्याच्या आधी आणि नंतर दोन तास चहा नको. जमेल?"

भीमाबाई कपाकडे बघत राहिली. भामा सकाळी तीन पेले प्यायची. आईचा चहा म्हणून.

"लिंबू हायत घरी," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मैनाला घेऊन बांधावर आली. मैनाला पाट्या बंद होत्या, मिठाची रास झाकायचं हलकं काम होतं. भीमाबाईने पहिला पेला भरला आणि मैनासमोरून नेऊन गुणाबाईच्या हातात दिला. गुणाबाई तिच्याच वयाची, तोंडाने तिखट, पाच लेकरांची आई.

"आगो, सुनेला सोरून मना? काय भांडलाव काय रातचे?"

"नाय."

"मंग गूल संपला? का सुनंचा चा पन आता मोजून?"

बायका हसल्या. भीमाबाईने दुसरा पेला भरायला घेतला.

मैनाला सासूवरचं हसू सोसवलं नाही. "तसा नाय, मावशी. कंपाउंडर बोलला, चा रगताला लोखंड मिलू देत नाय. चाच्या कपात औषध घालून दाखवला त्याने. काला झाला. म्हनून आईंनी मना लिंबाच्या पान्यातून दिलाय."

हसणं थांबलं. पेले तोंडाशी नेलेल्या दोघीतिघींनी ते खाली घेतले.

गुणाबाईने पेला बांधावर ठेवला. उठून भीमाबाईच्या अगदी समोर आली आणि बोटाने डोळ्याखालची कातडी खाली ओढली.

"भीमा, तू तं महिनाभर सुनंच्या पापन्या बघतंस. माजी बघ. कशी हाय?"

भीमाबाईने बघितली. मैनाच्यासारखीच पांढरी. उजेड पुरता झाला होता.

"मी पन वीस वरसां पितंय तुज्या हातचा," गुणाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सांग ना. कशी हाय?"

भीमाबाईने अर्धी भरलेली किटली उचलली आणि बांधावरून घराच्या वाटेला लागली.