दोन पाळ्यांचा एक खून

आमच्या शेवंतीसारखं वाचणारं माणूस अख्ख्या लालबागेत नव्हतं. थोरला भाऊ म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा. मी कोंडीराम. शाळा मराठी तिसरीपर्यंत, पण गिरणीत माझ्या साच्यावर विणलेलं कापड साहेब बोटांनी चोळून बघायचा आणि मान हलवायचा. आमच्या घराण्यातच डोकं आहे. शेवंती तर चौथी पास.

नवरा वारल्यावर तिनं आमच्या चाळीतल्या खोलीत खाणावळ घातली. कल्पना माझीच. जेवायला सगळी आपल्या कोकणातली, गिरणीतली माणसं. दुसऱ्या पाळीवाले कामावर जायच्या आधी, सकाळी. आम्ही पहिल्या पाळीवाले सुटून आल्यावर, संध्याकाळी. झकास चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या खोलीत सुंदराबाईनं दुसरी खाणावळ काढली. आता खोटं कशाला बोलू, बांगड्याचं तिखलं खावं तर सुंदराबाईच्या हातचं. आमची माणसं त्या वासानं माना वळवायला लागली. शेवंतीचं सगळं त्या ताटांवर होतं. ताटं गेली असती तर तिला गावी दिराच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, आणि दीर कसा ते मला माहीत होतं.

तेव्हा मी दादरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायला सुरुवात केली. रहस्यकथा. कव्हरवर पिस्तूल असेल तेच उचलायचं, आपली पारख पक्की. ताटं उचलली की शेवंती दाराजवळच्या खोक्यावर बसून वाचायची. एकच पुस्तक, सकाळी त्यांना, संध्याकाळी आम्हाला, रोज थोडं थोडं. मध्येच एखादी म्हण आली की ती कुठून आली तेही सांगायची. माणसं जागची हलायची नाहीत. तिखलं गेलं उडत.

दोन्ही पाळ्यांची मात्र गाठ पडत नसे. आम्ही घरी तेव्हा ते गिरणीत. सुट्टीला खाणावळ बंद, जो तो आपापल्या माणसांकडे.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. भोंगा वाजला नाही. सकाळी परळच्या नाक्यापर्यंत घोषणा देत जाऊन आलो, सगळ्यांचे घसे बसलेले. बाजार बंद, म्हणून शेवंतीनं पेज आणि सुकट केली. आणि पहिल्यांदा दोन्ही पाळ्या एका खोलीत मांडीला मांडी लावून बसल्या.

दुसऱ्या पाळीतला रघु म्हणाला, "पोलिसांची गाडी वळली ना, माझी तर पाचावर धारण बसली."

आमच्यातला जयवंत हसला. "त्या मुनिमासारखी?"

"कुठला मुनीम?"

"अरे पुस्तकातला. बंगल्यात इनामदाराचा खून होतो, मुनीम दिवा घेऊन जिना उतरतो, तेव्हा नाय का?"

रघुनं पेजेची वाटी खाली ठेवली. "मुनीम जिना कसा उतरेल? तो विहिरीत मेलाय."

"कधी?"

"कधीच!"

"मेल्या, काल संध्याकाळी तर तो जेवायला बसला होता. खून माळ्यानं केला."

"माळी? तो तर आंधळा! खून मावशीनं केला, विष घालून."

"विष? सुरा होता, सुरा!"

मी मध्ये पडलो. पाळीतला जाणता मीच. म्हटलं, "रघु, तू झोपेत ऐकलंस. मी स्वतः इथं बसून ऐकलंय." तर दुसऱ्या पाळीचे सगळे माझ्यावर उठले. सगळेच कसे झोपेत असतील? माझं डोकं चालेना, आणि असं सहसा होत नाही.

जयवंत म्हणाला, "ह्यांना काय कळतंय! पाचावर धारण म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? शेवंतीबायनं आम्हाला सांगितलंय. धारण म्हणजे धान्याचा भाव. दुष्काळात रुपयाला पाच शेर झाली की लोक घाबरायचे."

"आम्हाला बायनं सांगितलं, पाच म्हणजे पंचप्राण. भीतीनं ते एका जागी गोळा होतात."

आता सगळे शेवंतीकडे बघायला लागले. ती पळी धरून उभी. रघु हळूच म्हणाला, "बाय, आम्हाला फसवलंस तू?" भिंतीपलीकडं तिखल्याची दुसरी खाणावळ तयारच होती.

शेवंतीनं खोक्याखालून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "दादा, शेवट तूच वाच."

मी वाचलं. सावकाश वाचलं, कारण घाईत वाचलेलं डोक्यात राहत नाही. पुस्तकात ना माळी, ना मावशी. खून डॉक्टरनं केलेला.

"डॉक्टर?" जयवंत ओरडला. "हे तर मी पहिल्या दिवशीच बोललो होतो!"

"आम्ही पण!" रघु म्हणाला.

"बोललात ना?" शेवंतीनं पळी आपटली. "दोन्ही पाळ्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टर, डॉक्टर करून चाळ डोक्यावर घेतली. मग पुढं मी कोणाला वाचून दाखवू, भिंतीला? डॉक्टरला सोडवला. तर रघु, तुम्ही सकाळवाले मुनिमावर आलात, म्हणून त्याला विहिरीत ढकलला. या संध्याकाळवाल्यांचा संशय मावशीवर, म्हणून इथं माळी आणला. आणि त्या धारणेचं म्हणाल तर एक शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, एक आईनं. खरं कुठलं, मला नाही माहीत."

मी मनात म्हटलं, गेली खाणावळ.

तेवढ्यात दारात सुंदराबाई. पदर कमरेला खोचलेला, कपाळाला सुंठ लावलेली.

"शेवंते, मला आधी सांग," ती म्हणाली. "भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. सकाळी मुनीम मरतो, संध्याकाळी तोच दिवा घेऊन जिना उतरतो. मी आपली समजते, भूत आहे! रात्री मोरीत जायची चोरी झाली माझी. मेलाय का जिवंत आहे तो?"

पहिला हसला तो रघुच. मग सगळी खोली. जयवंतनं सुंदराबाईला बसायला पाट सरकवला. रघु म्हणाला, "बाय, ह्यांचा मुनीम जिवंत राहिला तो कसा, ते वाच आता. आणि आमची मावशी ह्यांना ऐकव."

"पुस्तकातलं वाचू?"

"पुस्तकातलं कशाला? तुझं वाच!"

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दोन्ही खून ऐकले. एक ताट कमी झालं नाही. वर सुंदराबाई दुसऱ्या दिवसापासून तिखल्याची वाटी घेऊन ऐकायला यायला लागली. पुढचा हरताळ कधी, हे आमची माणसं समितीवाल्यांना अशी विचारायची की ते खूश होऊन पाठ थोपटायचे.

मला मात्र अजून उमगलेलं नाही, त्या इनामदाराला मारला कोणी. छापलेलं डॉक्टर म्हणतं, पण आमच्या शेवंतीपुढं छापलेल्याची काय किंमत! एकदा तिलाच विचारलं.

ती म्हणाली, "तुझा संशय कोणावर, दादा?"

मी तोंड गच्च मिटून घेतलं. सांगितलं असतं तर तिनं त्यालाही सोडवला असता.