प्रभाताईंचं गांजाचं पत्र

प्रभाताई खांबेटे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अडतीस वर्षं नोकरीला होत्या, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं त्यांनी एकच काम केलं. खासदारांच्या पत्रांना उत्तरं लिहिली. सही मंत्र्यांची, शब्द प्रभाताईंचे. देशभरातून पत्रं यायची. कुणाला धरण हवं असे, कुणाला रेल्वेचा थांबा, कुणाला एखादा कायदाच बदलून हवा असे. धरण आणि थांबा त्यांच्या खात्यात येत नसल्यामुळे ती पत्रं पुढे ढकलली की काम संपे. कायद्याचं पत्र मात्र त्यांच्याच टेबलावर थांबायचं आणि त्याला उत्तर द्यावंच लागायचं.

त्यासाठी त्यांनी एक परिच्छेद तयार केला होता. 'आपण मांडलेला मुद्दा महत्त्वाचा असून त्याची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. संबंधित सर्व घटकांशी विचारविनिमय करून यथावकाश उचित निर्णय घेण्यात येईल.' यात होकार नव्हता, नकार नव्हता, तारीख नव्हती आणि पकडायला कुठे शेंडी नव्हती. सेक्शनमधे त्याला 'खांबेटे मॅडमचा पॅरा' म्हणत. नवीन मुलं आली की त्यांना आधी कॅन्टीन दाखवत आणि मग हा पॅरा. पॅरा गेला की समोरचा माणूस सहसा पुन्हा लिहीत नसे. प्रभाताईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

निवृत्तीनंतर त्या गाझियाबादला, वसुंधरामधल्या आपल्या घरी पूर्णवेळ राहायला लागल्या आणि घराचं ऑफिस झालं. श्यामराव, म्हणजे त्यांचे यजमान, फरीदाबादच्या एका कारखान्यातून त्यांच्या आधी चार वर्षं निवृत्त झाले होते आणि निवांत होते. आता त्यांना भाजीची यादीसुद्धा विषय आणि संदर्भ लिहून मिळायला लागली. ते बायकोला 'अंडर सेक्रेटरी साहेब' म्हणत आणि यादीतलं निम्मं विसरून घरी येत.

वरच्या खोलीत गौरव भाड्याने राहायचा. खानदेशातल्या तालुक्याच्या गावचा मुलगा, वय सव्वीस, स्पर्धा परीक्षांसाठी चार वर्षांपूर्वी दिल्लीत आलेला. वडील मारुतीराव यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मुलगा कामसू, बोलायला गोड, सकाळी सातला लायब्ररीत जायचा. यंदाच्या जानेवारीत तो जाईनासा झाला. नऊला उठायचा, गच्चीत उन्हात बसून राहायचा आणि घरून फोन आला की आवाज चढवून अभ्यास जोरात चाललाय म्हणून सांगायचा. अडलेली फाईल प्रभाताईंना लांबूनही ओळखू यायची. एक दिवस त्या पोह्यांची ताटली घेऊन वर गेल्या आणि त्यांनी सरळ विचारलं की कुठे अडलंय.

तो आधी काही नाही म्हणाला, मग अर्ध्या पोह्यांवर त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एक पेपर संपल्याच्या आनंदात मित्रांबरोबर पार्टी झाली होती. कुणीतरी गांजाची पुडी आणली, ती याच्या खिशात राहिली आणि परतताना नाक्यावर पोलिसांनी झडती घेतली. वकील म्हणाला, कबूल करून टाक, दंड भर, एका दिवसात मोकळा होशील. हा कबूल झाला, दंड भरला आणि खरंच एका दिवसात मोकळा झाला. पुढे एका सरकारी कचेरीत त्याची निवडही झाली. पण नेमणुकीआधीच्या फॉर्ममधे एक रकाना असतो: आपल्याला कधी कोणत्या न्यायालयाने दोषी ठरवलं आहे काय? त्याने खरं ते लिहिलं. त्याला सात महिने झाले होते. तिकडून होय नाही आणि नाहीही नाही. आता तो कुठलाच फॉर्म भरत नव्हता, कारण तो रकाना सगळीकडे होता. आणि घरी यातलं कुणाला एक अक्षर माहीत नव्हतं.

प्रभाताईंनी आधी त्याला गांजा ओढण्याबद्दल यथासांग झापलं. मग खाली येऊन कायदा वाचायला घेतला. दोन दिवस वाचला आणि त्यांचं डोकं तापलं. घराच्या जवळच, बाजाराच्या तोंडाशी, सरकारी परवान्याचं भांगेचं दुकान होतं. दर होळीला श्यामराव तिथून रीतसर गोळी आणून थंडाईत घोटत आणि संध्याकाळभर सोफ्यावर बसून स्वतःशीच हसत. त्याच झाडाचं पान घेतलं तर परवाना आणि फुलाचा तुरा घेतला तर कोर्ट. ज्याने व्यापार केला त्याला धरा की, त्या म्हणाल्या, पण पहिल्यांदा चुकलेल्या पोराला समज द्या, डॉक्टरकडे पाठवा, जन्मभराचा डाग कशाला? श्यामरावांना हे बिल्कुल पटलं, फक्त होळीचा उल्लेख कुठे लेखी करू नये एवढीच त्यांची विनंती होती.

मग प्रभाताईंनी आपल्या खासदारांना पत्र लिहिलं. चौदा वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे होत्या, आता अलीकडून लिहायचं होतं. गौरवची एकच अट होती, नाव घालायचं नाही. अट अगदी सोपी वाटली, कारण माणसाचं नाव न घालता लिहिण्यातच त्यांची हयात गेली होती. विषय, संदर्भ, सहा मुद्दे, कलमांचे आकडे, शेवटी सविनय विनंती. खासदारांच्या कार्यालयाने ते पत्र आपल्या पत्रासोबत दिल्लीला, प्रभाताईंच्याच जुन्या मंत्रालयाकडे, लावून दिलं. प्रभाताईंना पुढचा रस्ता पाठ होता: डायरी नंबर, पंधरा दिवसांत पोच, मग उत्तर. त्या रोज गौरवला सांगत की पत्र आता कुठल्या मजल्यावर असेल.

उत्तर एप्रिलच्या शेवटी आलं. खासदारांच्या कार्यालयाने प्रत पाठवली होती. प्रभाताईंनी चष्मा लावला, मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला थांबल्या. आपण मांडलेला मुद्दा महत्त्वाचा असून त्याची योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. पुढचं श्यामरावांनी न बघता म्हणून दाखवलं, कारण चौदा वर्षं जेवताना त्यांनी तेच ऐकलं होतं. त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. "यार प्रभा," ते डोळे पुसत म्हणाले, "स्वतःच स्वतःला टाळलंस की."

प्रभाताईही हसल्या, मग त्यांनी पत्राची घडी घातली. त्यांना लाज वाटत होती. असा पॅरा त्यांनी किती जणांना पाठवला असेल? तो वाचून कुणाच्या घरात असंच पोर गच्चीत बसून राहिलं असेल, हा विचार नोकरीत एकदाही त्यांच्या मनात आला नव्हता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखी काढल्या. गौरवच्या तालुक्याच्या खासदारांचे स्वीय सहायक सुजय म्हणून होते, पस्तिशीचे, त्याच भागातले. ते दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्राच्या अतिथिगृहात उतरले होते. तिथल्या कॅन्टीनमधे प्रभाताईंनी त्यांना गाठलं, थालीपीठ मागवलं आणि पत्राची प्रत पुढे ठेवली. सुजयनी खाता खाता सगळं पत्र वाचलं. पत्र एकदम ऑफिशियल आहे, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग बोटं पुसून ते म्हणाले, "पण काकू, यात माणूस कुठंय? कलमं आमच्याकडे पण आहेत. साहेब उभे राहून बोलणार कुणाबद्दल?"

माणूस आहे, प्रभाताई म्हणाल्या, पण त्याला नाव द्यायचं नाही. मग अवघड आहे, असं सुजयनी प्रामाणिकपणे सांगितलं. नावानिशी पत्र असेल तर पुढच्या अधिवेशनात साहेबांना प्रश्न द्यायला लावतो. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ते म्हणाले. साहेबांची सवय आहे, मतदारसंघातलं पत्र आलं की ते आधी त्या घरी फोन लावतात. माणूस खरा आहे का, घरचे काय म्हणतात, हे स्वतः विचारतात.

म्हणजे सही केली की फोन मारुतीरावांना जाणार. प्रभाताई मेट्रोत बसून घरी येईपर्यंत हेच घोळवत राहिल्या. गौरवला हे गोड करून सांगता आलं असतं, मसुदे गोड करण्यात त्या तरबेज होत्या. त्यांनी तसं केलं नाही. जे होतं ते सांगितलं आणि तू नाही म्हणालास तरी वरची खोली तुझीच आहे, एवढं जोडलं.

गौरव दोन दिवस खाली आला नाही. तिसऱ्या दिवशी हातात दोन पानं घेऊन आला. पत्र त्याने स्वतः लिहिलं होतं, साध्या मराठीत. त्यात विषय नव्हता, संदर्भ नव्हता आणि एक कलम चुकलं होतं. 'मी गांजा ओढला होता. ती माझी चूक होती. तिची शिक्षा मी भोगली, पण ती संपत का नाही ते मला समजत नाही.' प्रभाताईंनी सवयीने लाल पेन उघडलं होतं. त्यांनी कलमाचा आकडा तेवढा दुरुस्त केला आणि पेनला टोपण लावलं.

मग घरी सांगायचं राहिलं. फोन लावताना त्याने प्रभाताईंना तिथेच थांबायला सांगितलं. मारुतीरावांच्या मागे दुकानात मोटार घरघरत होती. गौरवने एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे मोटार बंद झाल्याचं ऐकू आलं. किती दिवस झाले, एवढंच वडिलांनी विचारलं. दोन वर्षं, हा म्हणाला.

"पत्र टाकलं का?" मारुतीराव म्हणाले.

"अजून नाही."

"मग टाकू नको. माझ्याकडे पाठव."

फोन बंद झाला. संपलं सगळं, असं गौरवच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि प्रभाताईंनाही तसंच वाटलं. वडिलांनी नको म्हटलं होतं, आणि मुलाच्या वडिलांपुढे घरमालकिणीचं काय चालणार? गौरवने दोन्ही पानं स्पीड पोस्टाने घरी पाठवून दिली. पुढचे आठ दिवस घरात कुणी गांजा, कायदा, खासदार यातला शब्द काढला नाही. श्यामरावांनी भाजी न विसरता आणली, यावरूनच घरात काय वातावरण होतं ते कळावं.

नवव्या दिवशी पाकीट परत आलं. गौरवला उघडवेना, म्हणून प्रभाताईंनी उघडलं. पानं तीच होती, एक शब्द खोडलेला नव्हता. खाली गौरवच्या सहीशेजारी मारुतीरावांची सही होती, इंजिन ऑइलने माखलेल्या अंगठ्याचा डाग पडलेली. तिच्याखाली आईची, एकेक अक्षर सुटं काढून, पूर्ण नाव. आणि सगळ्यात खाली ओळ होती की साहेबांचा फोन दुकानाच्या नंबरावर यावा, घरच्या फोनला रेंज नसते.

ते पत्र प्रभाताईंनी टपालात टाकलं नाही. स्वतः जाऊन सुजयच्या हातात दिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुजयचा फोन आला. साहेब दुकानावर वीस मिनिटं बोलले होते. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं की मुलाच्या नोकरीसाठी शिफारसपत्र देऊ का, संबंधितांशी बोलून मोकळं करून घेऊ. लोक तेवढ्यासाठीच तर येतात. सुजय म्हणाले की इतक्या वर्षांत शिफारस नाकारणारा माणूस आपण पाहिला नव्हता. प्रश्नाचा मसुदा तयार करायला त्यांनी प्रभाताईंनाच सांगितलं आणि मारुतीराव काय बोलले ते जसंच्या तसं ऐकवलं.

प्रभाताई फोन तसाच हातात धरून जिना चढल्या. गौरव वरून खाली येत होता, त्याला त्यांनी जिन्यातच अडवलं.

"साहेब शिफारस देत होते. तुझे वडील नको म्हणाले," त्यांनी सांगितलं. "म्हणाले, पोराचं पोरगा बघून घेईल. त्याने खरं लिहिलंय, त्याला कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही. तुम्ही त्या रकान्याचं बघा, तो दुसऱ्यांच्या पोरांनाही भरावा लागतो."

गौरव पायरीवर बसला. आधी हसला, आणि मग जे रडायला लागला ते दोन वर्षांचं एकदम रडला. प्रभाताई त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिल्या. त्यांचेही डोळे भरून आले होते आणि त्या फार आनंदात होत्या. खालून श्यामराव चहा निवतोय म्हणून तिसऱ्यांदा हाका मारत होते, पण तेवढा चहा निवला तरी चालणार होतं.