पाणी खारं का गोडं

मलकापूरच्या बाजारात किलोची नवी मापं आली, तरी शिकेकाई विकणारी ती म्हातारी ओंजळीनेच मोजायची. शिकेकाई, रिठे, आवळकाठी, ज्याचं त्याचं प्रमाण निराळं. ते ठरवण्याआधी ती एकच गोष्ट विचारायची, "न्हायचं पानी खारं का गोडं?"

बाळंतपणानंतर बायकोचे केस मुठीमुठीने गळू लागले, म्हणून मी तिच्याकडे गेलो. "गोडं," मी मास्तरी ठसक्यात सांगितलं.

"ते तुमचं झालं, मास्तर. बायको कोन्त्या पान्यानं न्हाते?"

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिने भरलेली ओंजळ पाटीत परत सोडली. "इचारून या."

घरी येऊन मी रागारागाने विचारलं. बायको शांतपणे म्हणाली, "अंगनातल्या विहिरीच्या. खारं आहे, पन जवळ आहे. मळ्यातून गोड्या पान्याच्या दोनच घागरी आनता येतात. त्या तुमाले अन् लेकराले लागतात."

पुढच्या बाजारी म्हातारीने पुन्हा तेच विचारलं.

"गोडं," मी म्हणालो. "आता तीही गोड्यानेच न्हाते."

या वेळी तिने उलट विचारलं नाही. माझ्या तळहातांवर मळ्यातल्या विहिरीच्या दोराने आलेले फोड पाहिले आणि ओंजळ भरली.